मराठवाड्याच्या हवामानात ओव्हरहॉल केलेले लायकॉमिंग आयओ-३६०: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सेसना १७२एस या प्रशिक्षण विमानावर आम्ही मागील हिवाळ्याच्या सुरुवातीस ओव्हरहॉल होऊन (पूर्ण सुटे करून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडून) आलेले लायकॉमिंग आयओ-३६०-एल२ए इंजिन बसवले. चार सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे आणि मिनिटाला २,७०० फेऱ्यांना १८० अश्वशक्ती देणारे हे इंजिन मराठवाड्यातील प्रशिक्षणाच्या उड्डाणांत तेव्हापासून सतत वापरात आहे. त्याच्या देखभालीची जबाबदारी माझ्याकडे असल्याने त्याची प्रत्येक नोंद माझ्या नजरेखालून गेलेली आहे. हिवाळा, कडक उन्हाळा आणि पावसाळ्याचे पहिले आठवडे पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, उत्पादकाने सांगितलेले २,००० तासांचे आयुष्य इंजिनाला लाभेल की नाही, हे बऱ्याच अंशी पहिल्या ५० तासांत ठरते, आणि आपल्या भागात ते ५० तास कोणत्या ऋतूत व दिवसाच्या कोणत्या वेळी उडवले जातात याला फार महत्त्व आहे.

नवी मोटारसायकल किंवा नवा ट्रॅक्टर सुरुवातीला जपून, हळू चालवायचा, हा संस्कार आपल्याकडे घरोघरी आहे आणि प्रशिक्षणार्थी तोच घेऊन विमानात बसतात. विमानाच्या पिस्टन इंजिनाला मात्र तो बाधतो. ओव्हरहॉलमध्ये सिलिंडरच्या आतील भिंतीवर होनिंग (बारीक घासकाम) करून एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा पाडलेल्या असतात. ज्वलनाचा दाब पिस्टनभोवतीच्या कड्याच्या, म्हणजे रिंगच्या, मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो, त्या रेषांची टोके झिजतात आणि रिंग व भिंत एकमेकांना घट्ट जुळतात. शक्ती कमी ठेवली तर हा दाब अपुरा पडतो, रिंग तेलाच्या थरावर तरंगत राहते, आणि भिंतीवरचे तेल उष्णतेने करपून तिथे काचेसारखा गुळगुळीत थर जमतो. एकदा हा थर बसला की पुढे कितीही जोराने उडवले तरी रिंगा जुळत नाहीत. सिलिंडर उतरवून पुन्हा होनिंग करण्यावाचून सहसा गत्यंतर राहत नाही.

म्हणूनच लायकॉमिंगच्या सूचनेनुसार पहिले दोन तास सुमारे ७५ टक्के शक्तीवर सरळ उड्डाण आणि त्यानंतर ६५ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान आलटून पालटून शक्ती, असा क्रम आम्ही कसोशीने पाळला. या काळात विमानतळाभोवतीच्या फेरीत उतरून लगेच पुन्हा उडणे (टच-अँड-गो), थ्रॉटल पूर्ण बंद करून लांबवर उतरत येणे आणि जमिनीवर विनाकारण इंजिन चालू ठेवणे, या तिन्ही गोष्टी बंद होत्या. प्रशिक्षणाचे वेळापत्रक त्यामुळे विस्कळीत झाले आणि त्यावरून काही नाराजीही झाली, परंतु या बाबतीत तडजोड करण्यास मी कोणालाही सुचवणार नाही.

आता आपल्या प्रदेशाची खरी अडचण सांगतो. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे. थंडीत पहाटे तापमान १२ अंशांच्या आसपास असते तेव्हा घनता-उंची (हवेच्या विरळपणानुसार इंजिनाला जाणवणारी उंची) जवळजवळ तेवढीच राहते. मात्र मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की तीच घनता-उंची १,६०० मीटरच्या आसपास पोहोचते. टर्बो नसलेल्या इंजिनाला २,४०० मीटर घनता-उंचीच्या सुमारास पूर्ण थ्रॉटल देऊनही ७५ टक्क्यांहून फारशी अधिक शक्ती मिळत नाही. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी धावपट्टीपासून सात-आठशे मीटर वर गेले की रिंगा बसवण्यासाठी लागणारी शक्ती संपते, आणि खाली राहावे तर विरळ, तापलेल्या हवेमुळे सिलिंडर थंड होत नाहीत. एकाच वेळी जास्त शक्ती आणि कमी तापमान हवे असताना उन्हाळा दोन्ही हिरावून घेतो. ओव्हरहॉलची तारीख निवडणे हातात असेल, तर इंजिन दिवाळीनंतर बसेल अशा बेताने आखणी करावी आणि सुरुवातीची सर्व उड्डाणे सकाळीच, नियमांत बसेल तितक्या कमी उंचीवर करावीत, असे माझे ठाम मत आहे.

सिलिंडर हेडच्या तापमानाची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सिअस असली तरी ती गाठू देणे शहाणपणाचे नाही. आम्ही २२५ अंशांपुढे काटा जाऊ दिला नाही. त्यासाठी चढताना नाक थोडे खाली ठेवून ८५ नॉटच्या आसपास वेग राखला आणि मिश्रण श्रीमंत (हवेच्या मानाने इंधन जास्त) ठेवले. सुरुवातीला एक सिलिंडर इतर तिघांपेक्षा स्पष्टपणे अधिक तापत होता. काउलिंग (इंजिनावरचे झाकण) उघडून पाहिल्यावर बॅफलची (हवा सिलिंडरांकडे वळवणाऱ्या पत्र्याची) रबरी पट्टी एका कोपऱ्यात उलट दिशेला दुमडलेली आढळली, त्यामुळे हवा सिलिंडरावरच्या थंड करणाऱ्या पात्यांमधून (फिन्स) न जाता वरच्या वर निसटत होती. पट्टी सरळ करताच फरक दिसला. चारही सिलिंडरांचे तापमान वेगवेगळे दाखवणारा मॉनिटर नसता, तर हे लक्षात यायला बराच काळ गेला असता.

हिवाळ्यात एरोशेल ८० हे एसएई ४० दर्जाचे साधे खनिज तेल वापरले, कारण उणे १ ते ३२ अंशांचा त्याचा पल्ला आपल्या थंडीतील पहाट आणि दुपार दोन्हींना पुरतो. २५ तासांनी तेल व फिल्टर बदलले, फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या आणि चुंबक फिरवून पाहिले. अगदी बारीक चकाकी होती, तुकडे नव्हते. रिंगा बसल्याची खूण तेलाच्या खपातच दिसते. प्रारंभी तीन-चार तासांना एक क्वार्ट (लिटरहून थोडे कमी) लागत होते, पुढे साधारण दहा तासांना एक असा खप स्थिर झाला. या इंजिनासाठी लायकॉमिंगच्या सूत्राने निघणारी कमाल मर्यादा ताशी सुमारे ०.५८ क्वार्ट आहे, म्हणजे आपण तिच्यापासून बरेच दूर आहोत. खप स्थिर झाल्यावरच अॅशलेस डिस्पर्संट (राख न सोडता मळ तेलात तरंगत ठेवणारे रसायन) असलेल्या डब्ल्यू१०० तेलावर आलो. डिपस्टिक (तेलाची पातळी मोजण्याची पट्टी) दररोज सकाळी, विमान रात्रभर उभे राहिल्यानंतरच पाहावी. उड्डाण संपताच घेतलेली नोंद दिशाभूल करते. आठ क्वार्टपर्यंत भरण्याचा आग्रहही धरू नये, कारण वरचे तेल ब्रीदर नळीतून बाहेर जाते आणि खपाचा हिशेब चुकतो.

गरम इंजिनावर ८० पीएसआय दाबाने घेतलेल्या कॉम्प्रेशन चाचणीत (सिलिंडर किती दाब धरून ठेवतो ते पाहणाऱ्या) चारही सिलिंडर ७० च्या वर आले. ठिणगी देणाऱ्या दोन मॅग्नेटोंपैकी एक बंद केल्यावर होणारी फेऱ्यांची घट (ड्रॉप) १,८०० फेऱ्यांना १५० च्या मर्यादेत आणि दोघांतील फरक ५० च्या आत आहे. खालचे स्पार्क प्लग मात्र शिशाच्या खड्यांनी लवकर भरतात. १०० एलएल या विमानाच्या पेट्रोलमधील शिसे बाहेर पडण्यासाठी पुरेशी उष्णता लागते आणि टॅक्सी करताना मिश्रण श्रीमंत ठेवले की ती मिळत नाही. हे इंधन २०२२ पासून इंडियन ऑइल देशातच तयार करू लागली, परंतु शिशाचा प्रश्न तोच आहे. ब्रेक-इन, म्हणजे रिंगा बसण्याचा सुरुवातीचा काळ, संपल्यावर जमिनीवर मिश्रण पातळ करण्याची सवय प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला लावावी लागते.

उन्हाळ्यात काळ्या जमिनीची धूळ एअर फिल्टरवर झपाट्याने बसते. फिल्टर तुंबला की पर्यायी हवेचे दार आपोआप उघडते आणि गाळणीविना हवा थेट सिलिंडरात जाते, म्हणून आम्ही फिल्टर ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता बदलतो. तेलाच्या प्रयोगशाळा-तपासणीत सिलिकॉन (धुळीतला घटक) वाढलेले दिसल्यास पहिला संशय याच वाटेवर घ्यावा. ओव्हरहॉलनंतरच्या पहिल्या नमुन्यात मात्र सीलंटमुळेही ते वाढलेले असू शकते.

पावसाळ्यात ढग खाली आले की विमान हँगरमध्ये उभे राहते. लायकॉमिंगचा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) वर असल्याने त्यावरचे तेल ओघळून जाते आणि दमट हवेत गंज धरतो. अशा वेळी जमिनीवर दहा मिनिटे इंजिन चालवल्याने पाणी जाण्याऐवजी साचते, आणि हाताने पंखा फिरवल्याने उरलासुरला थरही पुसला जातो. तेल ८० अंशांच्या वर काही काळ राहील असे उड्डाण शक्य झाले तरच ते करावे. ते शक्य नसेल आणि खाडा महिनाभर लांबणार असे दिसत असेल, तर संरक्षक तेल भरून, वरच्या प्लगच्या जागी सिलिका जेलचे डीहायड्रेटर (ओलावा शोषणारे) प्लग बसवून इंजिन बंद ठेवावे. आम्ही ते प्लग या पावसाळ्यासाठी आधीच मागवून ठेवले आहेत.