टेरेसवरच्या पत्र्याला फोम क्लोजर बसवले: पावसाळा, थंडी आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

पत्रा गळतो म्हणजे त्याला भोक पडलंय, हा समज इतका पक्का आहे की आमच्या शेडची गळती बघायला आलेला प्रत्येक जण आधी वर चढून भोकच शोधायचा. भोक नव्हतंच. पत्रा चांगला, स्क्रू जागच्या जागी, तरी जुलै लागला की मिरचीच्या पोत्यांवर पाणी. गेल्या वर्षी मेअखेरीस आढ्याला (शेडच्या वरच्या कण्याला) आणि वळचणीला (उताराच्या खालच्या कडेला) फोमचे क्लोजर, म्हणजे फटी बुजवणाऱ्या पट्ट्या, बसवून घेतले. त्यांच्यावरून आता एक पूर्ण पावसाळा, थंडी, उन्हाळा आणि यंदाचा वळीव गेलाय. आढ्याच्या कामावर मी पूर्ण खूश आहे, वळचणीच्या कामावर निम्मी. सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे ही वस्तू मागितल्याशिवाय कुणी दाखवतसुद्धा नाही.

आम्ही कोल्हापुरात फुलेवाडीत राहतो, गगनबावडा रस्त्याच्या बाजूला. घराच्या पश्चिमेला उसाची रानं, अडवायला काही नाही. टेरेसवर दोन पाख्यांचं शेड आहे, कलर कोटेड ट्रॅपेझॉइडल पत्र्याचं. त्याखाली आमचा कांदा-लसूण चटणीचा घरगुती व्यवसाय चालतो. ब्याडगी आणि संकेश्वरी उन्हाळ्यात वाळवून ठेवायची, मोठं कांडप पावसाळ्याआधी उरकायचं, आणि पुढं ऑर्डर येईल तशी थोडी थोडी ताजी चटणी करायची. म्हणजे वाळलेली मिरची आणि सुकं खोबरं भर पावसात शेडमध्येच असतं. मिरचीला ओल लागून बुरशी धरली की ते पोतं टाकूनच द्यावं लागतं. धुऊन, वाळवून, भाजून ती खायच्या लायकीची होत नाही. बुरशीचं विष भाजल्यानं जात नाही. सासूबाईंनी या बाबतीत कधी तडजोड केली नाही, मीही करत नाही. त्यामुळं ठिबकणारं आढं हा आमच्याकडं दुरुस्ती पुढं ढकलायचा विषय नव्हता.

आता पाणी येत कुठून होतं ते. ट्रॅपेझॉइडल पत्र्याला ठरावीक अंतरावर उंच रिब असतात आणि दोन रिबांच्या मध्ये सपाट पन्हळ. आढ्यावर झाकण म्हणून जो रिजकॅप बसतो तो असतो सरळ. तो टेकतो फक्त रिबांच्या डोक्यांवर. म्हणजे प्रत्येक दोन रिबांमध्ये, रिजकॅपच्या खाली, पन्हळीएवढं रुंद आणि रिबेएवढं उंच तोंड उघडं राहतं. आमच्या पत्र्याची रिब साधारण २८ मिलिमीटर उंच आहे. शेडच्या लांबीभर अशी तोंडं मोजली तर आढ्याच्या दोन्ही बाजूंना एक लांबलचक खिडकीच उघडी आहे म्हणायची. पाऊस सरळ पडला तर काही होत नाही, पाणी उतारानं खाली जातं. पण तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात, म्हणजे पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांत, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागते त्या दिवसांत, आपल्याकडं पश्चिमेचं वारं थांबत नाही. ते पाख्यावर आपटतं आणि पन्हळीतलं पाणी उलटं वर ढकलतं. शेडचा उतार कमी असेल, आणि टेरेसवरच्या शेडचा तो कमीच असतो, तर ते पाणी रिजकॅपच्या खालून थेट आत.

ज्यांना आपली गळती नेमकी शोधायची आहे त्यांनी पाइपनं पाणी मारून बघावं, पण खालून वर. आधी वळचण, मग दोन पत्र्यांचे जोड, मग स्क्रू, सगळ्यात शेवटी आढं. आणि आत एक माणूस उभा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून खाली येतं आणि काहीच कळत नाही. आमच्याकडं आढ्यापर्यंत जाईस्तोवर आत थेंब नव्हता. पाइप पश्चिमेकडून तिरका धरला आणि दोन मिनिटांत पोत्यांच्या जागेवर धार लागली.

शेड ज्यांनी बांधलं त्या मिस्त्रींना फट दाखवली तर ते म्हणाले, “वहिनी, ती फट हवा खेळायला ठेवावीच लागती, नायतर आत उकडून मरशिला.” त्यात तथ्य आहे, त्याबद्दल पुढं लिहिते. पण वारा खेळवायला पाण्यासाठी दार उघडं ठेवायचं, हे मला पटलं नाही.

आसपास लोकांनी करून पाहिलेले उपायही बघितले. सिमेंट भरलेलं एका हंगामात सुटतं, आणि कारण साधं आहे: पोलाद दर मीटरला दर अंशामागं ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ६ मीटरचा पत्रा, पहाटे आणि भर दुपारी ४० अंशांचा फरक, म्हणजे जवळपास ३ मिलिमीटरची रोजची ये-जा. सिमेंट ती सोसत नाही. शिवाय पत्र्याला गंज लागू नये म्हणून दिलेल्या गॅल्व्हल्यूमच्या थरात ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं आणि ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला खातं. फट तर उघडतेच, वर पत्राही जातो. डब्यातला पिवळा फवारायचा फोमही बघितला. फुगतो छान, पण उन्हात पडला की तांबूस होऊन त्याचा भुगा होतो.

क्लोजर म्हणजे पत्र्याच्या आकारातच कापलेली फोमची पट्टी, साधारण एका पत्र्याच्या रुंदीएवढी लांब. दोन प्रकार असतात आणि दुकानात गडबड इथंच होते. एक पट्टी पत्र्याच्या वर बसते, तिचे दात खाली पन्हळीत उतरतात. ती आढ्याला, रिजकॅपखाली. दुसरी पत्र्याच्या खालून रिबेच्या पोकळीत शिरते, ती वळचणीला. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. फोम बंद पेशींचा हवा, म्हणजे पाणी न पिणारा. तुकडा पाण्यात दाबून धरावा, पिळावा. पाणी निघालं तर तो गादीचा फोम, परत करावा. पॉलिथिलीनचा स्वस्त पडतो, ईपीडीएम रबराचा महाग, पण उन्हाला जास्त टिकतो.

उद्यमनगरातल्या एका दुकानानं “सगळ्या शीटला हाच बसतोय” म्हणून दिलेल्या पट्ट्या आमच्या पत्र्यावर ठेवल्या तर पहिल्या दोन रिबा बरोबर, तिसरीपासून सरकत सरकत शेवटी बोट जाईल एवढी फट. प्रत्येक कंपनीच्या पत्र्याचं माप वेगळं असतं आणि काही मिलिमीटरचा फरक चार रिबांत वाढत जातो. त्या पट्ट्या परत केल्या. पत्र्याच्या कडेला पुठ्ठा उभा धरून पेन्सिलनं आकार उतरवला, कापला, तो पत्र्यात बसवून बघितला आणि तोच पुठ्ठा घेऊन दुसऱ्या ठिकाणी ऑर्डर दिली. माल यायला वेळ लागला, पण आला तो घट्ट बसणारा.

बसवण्याचं काम मी उभी राहून करून घेतलं. रिजकॅप काढल्यावर आधी एक गोष्ट करायला सांगितली, आणि फोम घेणार नसाल तरी ही नक्की करा: पत्र्याच्या वरच्या टोकाला प्रत्येक पन्हळीची कड पक्कडीनं वर वाकवून घ्यायची. वाऱ्यानं वर चढलेल्या पाण्याला तिथंच आडकाठी होते. पत्रे चढवतानाच हे व्हायला हवं, पण कुणी करत नाही, कारण रिजकॅप बसला की ते कुणाला दिसत नाही.

मग धूळ फडक्यानं पुसून पत्रा कोरडा केला. पन्हळीत आणि रिबांवर ब्युटाइलची चिकट पट्टी, तिच्यावर फोम, फोमवर पुन्हा ब्युटाइल, आणि वरून रिजकॅप. फोम रिजकॅपच्या कडेपासून इंचभर आत ठेवायचा, म्हणजे त्याच्यावर ऊन पडत नाही. दोन पट्ट्यांची टोकं एकमेकांत अडकतील अशी कापलेली असतात, ती ओढून न ताणता नुसती टेकवायची. स्क्रू रिजकॅप आणि फोममधून रिबेच्या डोक्यात जातो. इथं हात आवरावा लागतो. फोम जरा दबला पाहिजे, चेपला नाही पाहिजे. जास्त आवळला की दोन स्क्रूंच्या मध्ये रिजकॅप फुगतो आणि तिथंच नवी फट तयार होते. वायसरचं रबर स्क्रूच्या टोपीबाहेर फुललेलं दिसलं की तो स्क्रू जास्त आवळलाय असं समजायचं. दोन-तीन ठिकाणी तसं दिसलं, ते स्क्रू सैल करून वायसर बदलून घेतले. ड्रिलचा लोखंडी किसही त्याच वेळी झाडून घ्यावा. राहिला तर पहिल्या पावसात पत्र्यावर गंजाचे ठिपके.

टोकांना सिलिकॉन लागतं. ते न्यूट्रल घ्या. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते काचेसाठी ठीक. पत्र्याच्या जस्ताच्या थराला ते चालत नाही.

पावसाळ्यात काय झालं? आढ्यातून पाणी आलं नाही. मृगात थोडा, मग आर्द्रापासून लागलेला पाऊस, राधानगरीचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या सुरू, पश्चिमेचं वारं तेच, आणि पोत्यांवर घातलेला प्लॅस्टिकचा कागद कोरडा. रात्री उठून पोती सरकवणं बंद झालं. एका जागी ठिबक दिसलं तेव्हा फोमलाच दोष द्यायला निघाले होते सगळे. बघितलं तर ते दोन पत्र्यांच्या आडव्या जोडातून येत होतं. ते फोमचं कामच नाही. तिथं ब्युटाइल घातलं, थांबलं. क्लोजर फक्त पत्र्याच्या आकारामुळं राहणारी तोंडं बंद करतो. उतार कमी असेल, जोड आखूड असेल, वायसर कडक होऊन चिरलं असेल, तर फोम कितीही भारी घ्या, पाणी येणारच.

वळचणीचा अनुभव मिश्र आहे. झडीचं पाणी आणि उसाच्या रानातून येणारी धूळ कमी झाली, चिमण्यांनी रिबेत काड्या घालणं थांबलं, हे चांगलं. पण खारींनी पश्चिमेच्या कोपऱ्यातला पॉलिथिलीनचा फोम कुरतडला. एका सकाळी फरशीवर करड्या फोमचे दाण्याएवढे तुकडे पडलेले, आणि वर बघितलं तर रिबेत बरोबर खारीच्या डोक्याएवढी वाट. तिथं आता ईपीडीएमची पट्टी आणि तिच्यापुढं गॅल्व्हनाइज्ड जाळीचा तुकडा आहे. तेव्हापासून तो कोपरा शाबूत आहे.

दुसरा त्रास थंडीत कळला, आणि इथं मिस्त्रींचं म्हणणं खरं ठरलं. आम्ही शेडमध्ये कांदा-खोबरं भाजतो, वाफ होते. आढं आणि दोन्ही वळचणी बंद, हवेला वाट नाही. डिसेंबरच्या रात्री पत्रा गार पडला की ती वाफ आतून पत्र्याला धरायची, पहाटे थेंब होऊन उतारानं खाली यायची आणि वळचणीच्या फोमपाशी अडून भिंतीवर ओघळायची. बाहेर पाऊस नाही आणि भिंत ओली. त्यावर दोन गोष्टी केल्या. आढ्याजवळ वाऱ्यावर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर बसवला, आणि पूर्वेच्या वळचणीचा फोम काढून तिथं बारीक जाळी लावली. हवा पूर्वेच्या जाळीतून आत आणि व्हेंटिलेटरमधून बाहेर. ओल थांबली, आणि भाजणीच्या वेळी डोळ्यांना लागणारा ठसकाही बराच कमी झाला. तोटा एवढाच की वळीव पूर्वेकडून आला तर जाळीतून तुषार येतात. यंदा एकदा आले. म्हणून त्या बाजूला पोती ठेवत नाही, रिकाम्या पाट्या आणि सूप तिकडं. छिद्रांचा, हवा जाऊ देणारा क्लोजरही मिळतो, तो तिथं लावून बघायचा आहे.

या मेमध्ये पत्रा हात ठेववत नाही इतका तापत होता, तेव्हा आढ्याचे दोन-तीन स्क्रू काढून रिजकॅप उचलून बघितला. सावलीतला फोम मऊ आणि अख्खा, ब्युटाइल अजून ताणलं की तार धरणारं. वळचणीला जिथं फोमची कड बाहेर आली होती, तिथं मात्र तो वरून कडक होऊन बोटानं चोळला की पावडर सुटत होती. म्हणजे आत बसवणं हे दिसण्यासाठी नाही, आयुष्यासाठी आहे.

खर्चाचं विचाराल तर फोमपेक्षा मजुरी जास्त गेली, कारण रिजकॅप काढून पुन्हा बसवावा लागला. नवं शेड घालत असाल तर पत्रे चढतानाच हे करून घ्या, वेगळी मजुरी लागणार नाही. सगळं एकदम जमणार नसेल तर आधी वाऱ्याच्या बाजूचं आढं करा, तिथंच पैशाचं खरं काम होतं. वळचणीचं नंतर बघा, आणि शेडमध्ये शिजवणं-भाजणं असेल तर हवेची वाट आधी ठरवा. दुकानात जाताना पुठ्ठ्यावर उतरवलेला आकार जवळ असू द्या. माझा अजून ठेवलाय, दिवाळीनंतर जिन्यावरच्या पत्र्याला करायचंय तेव्हा तोच नेणार आहे.