दाणे की जवळा? टाकीतल्या माशांचं रोजचं खाणं

आमच्या मालवणात घरोघरी सुका जवळा असतो. टाकीतल्या माशांनाही त्यातलाच चिमूटभर टाकावा, असं सहज वाटतं. पण रोजच्यासाठी मी बाजारातलं तयार दाणेदार खाद्यच निवडेन. त्यात प्रथिनं, वनस्पतीचा अंश, जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात. नुसत्या जवळ्यात तो तोल नाही, आणि खारवलेला असेल तर गोड्या पाण्यातल्या माशांना देऊच नये.

दाण्यांचं वैर आहे ते आपल्या दमट हवेशी. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा बघता बघता सादळतो, बुरशी धरतो, क जीवनसत्त्वही कमी होत जातं. म्हणून लहानच डबा आणा.

जवळा वाईट मुळीच नाही. मासा कोणता, ते बघा. फायटर (बेट्टा) मासा मांसाहारी, त्याला बिनमिठाचा, भिजवून बारीक केलेला जवळा आठवड्यातून एक-दोनदा खुशाल द्या. गोल्डफिशला त्यापेक्षा उकडून सोललेला मटार बरा. गप्पीला डासांच्या अळ्या फार आवडतात, पण गटारातल्या नकोत, रोग येतात.

दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच टाका. उरलेलं खाणं तळाशी कुजतं, पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासे वर येऊन धापा टाकू लागतात.