‘माझा प्रवास’ की ‘स्मृतिचित्रे’?

कादंबऱ्यांचा कंटाळा आला की मी या दोन पुस्तकांपैकी एक काढतो. दोन्ही खऱ्या हकीकती, पण भूक वेगळी भागवतात.

‘माझा प्रवास’ लिहिणारे कोकणातल्या वरसईचे गोडसे भटजी घरचं कर्ज फेडायला, दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि थेट अठराशे सत्तावनच्या बंडात सापडले. झाशी पडली तेव्हा ते शहरातच होते. लपणं, तहान, गोऱ्या शिपायांनी लुटलेली कमाई, सगळं अंगावर येतं. लिहिलं मात्र पंचवीसेक वर्षांनी, आठवणीवरून. छापलं गेलं 1907 साली. त्यामुळे तारखा आणि ऐकीव गोष्टी जरा चाळून घ्याव्यात. एवढं सोसूनही या माणसाला गंगेची कावड घरी न्यायचीच आहे, हे मला युद्धवर्णनापेक्षा जास्त आवडतं.

‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांकडे लढाई नाही, पण सत्तावनची सावली आहे: आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली जिन्नससुद्धा धुऊन घेत! पुढे नवरा ख्रिस्ती झाला, ताटातूट झाली, आणि बाई हे सगळं हसवत सांगतात. कीव मागत नाहीत. शाळेत न गेलेल्या बाईचं हे गद्य आजही बोलल्यासारखं वाटतं.

भटजींची भाषा जुनी, पहिली काही पानं अडखळायला होतं. प्रवासात, एका दमात वाचायचं असेल तर भटजी. रोज झोपण्याआधी चार पानं हवी असतील तर लक्ष्मीबाई, आणि माझं मत विचाराल तर आधी त्याच.