बाबांचं पोटातलं पाणी, अल्ब्युमिन आणि पुण्यातलं एक डे केअर

बाबांना लिव्हर सिरोसिस आहे (दारू नाही हो, फॅटी लिव्हर आणि शुगर, आधीच सांगते कारण लोक पहिलं तेच विचारतात) आणि पोटात पाणी भरतं ते अधूनमधून काढावं लागतं, त्यासाठी पुण्यातल्या एका लिव्हर क्लिनिकच्या डे केअरला जातो. नाव टाकत नाहीये कारण पुढे तक्रार पण आहे.

इथलं सगळ्यात आवडलं ते म्हणजे अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन, सलाईनसारखं शिरेतून देतात) हिशोबाने देतात. 5 लिटरच्या वर पाणी निघालं की लिटरमागे 8 ग्रॅम धरतात, 20 टक्केवाल्या 100 मिलीच्या बाटलीत 20 ग्रॅम असतं, म्हणजे 6 लिटर निघालं तर 48 ग्रॅम, दोन मोठ्या बाटल्या आणि एक 50 मिलीची. सिस्टर कागदावर मांडून दाखवतात. एकदम एवढं पाणी काढलं की नंतर बीपी पडू शकतं, किडनी बसू शकते, ते टाळायला हे द्यायचं. पाण्यात इन्फेक्शन झालं तर डोस वेगळा, वजनावर.

आधीच्या हॉस्पिटलात रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन कमी दिसलं की लावली बाटली, ताकद येईल म्हणे!! इथले डॉक्टर सरळ नाही म्हणाले. नुसता आकडा वर आणून काही होत नाही, ब्रिटनमध्ये ॲडमिट पेशंटवर ॲटायर नावाची मोठी ट्रायल झाली, 2021 ला छापून आली, त्यात रक्तातल्या अल्ब्युमिनचा आकडा 3 (ग्रॅम प्रति डेसीलिटर) पर्यंत नेऊनही फायदा नाही, उलट फुप्फुसात पाणी होण्याचे प्रकार जास्त. मी पण नेटवर वाचून गेलेले, म्हटलं सर इटलीत तर दर आठवड्याला देतात ना, 2018 च्या ट्रायलमध्ये 40 ग्रॅम देऊन पेशंट जास्त जगले. तर चिडले नाहीत, म्हणाले बरोबर आहे, पण त्याच वर्षी स्पेनच्या ट्रायलमध्ये दर 15 दिवसांनी देऊन फरक पडला नाही, आणि तुमचा खर्च बघता मी सध्या सांगणार नाही. ताकदीसाठी अंडी, डाळ, पनीर खा आणि मीठ कमी करा. बाबांचं लोणचं बंद झालं तेव्हापासून डॉक्टर त्यांचे नावडते.

आता तक्रार. बाटल्या त्यांच्याच मेडिकलमधून, पूर्ण एमआरपीला, बाहेरची चालत नाही. माणसाच्या प्लाझ्मापासून बनतं, नीट ठेवलेलं पाहिजे, बॅच नंबरचा स्टिकर फाईलला लावतात, ते सगळं पटतं, पण मग थोडा डिस्काउंट द्या ना! इन्शुरन्सचं अप्रूव्हल येईपर्यंत पेशंट उपाशी बसून, आणि नातेवाईकांना बसायला धड खुर्ची नाही.

पाचपैकी चार स्टार. सकाळी लवकरची वेळ घ्या, टॅपिंग (पोटातलं पाणी काढणं) झालं तरी बाटल्या हळू सोडतात, दुपार त्यातच जाते. रविवारी बंद असतं, त्यामुळे ताप, पोटात दुखणं किंवा पेशंट असंबद्ध बोलायला लागला तर इथे फोन लावत बसू नका, थेट इमर्जन्सी असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा.