दिवाळीतली नको असलेली भेट: पुढे द्यावी की गरजूला?

भाऊबीज उरकली की नाशिकमधल्या आमच्या घरी माळ्यावर खोक्यांची चळत चढते: काचेचे बाऊल, थर्मास, आणखी दोन ब्लँकेटं. ही खोकी पुढच्या कुणाला भेट म्हणून द्यावीत, की गरजूला?

पुढे देणं सोपं. वस्तू कोरी असते, वास्तुशांतीला हाताशी येते. पण कुणी दिली ते खोक्यावर लिहून ठेवलं नाही, तर ती फिरून त्याच मावशींच्या घरी पोचते आणि त्या दुखावतात. आतली चिठ्ठीही काढायला हवी. मिठाईला तर हा मार्ग नकोच. खव्याची बर्फी त्याच दिवशी शेजारी वाटून टाकावी.

गरजूला देणं मला जास्त पटतं, आणि नाशिकला त्याला ऋतूचीही साथ आहे. दिवाळीनंतर थंडी वाढत जाते. डिसेंबर-जानेवारीत जिल्ह्यातल्या निफाडचा पारा राज्यातल्या नीचांकी तापमानात असतो. पेठ, सुरगाणा तालुक्यांतल्या आदिवासी पाड्यांवर तेव्हा एक ब्लँकेट फार मोलाचं. स्टीलचे डबेही रोजच्या वापरात येतात. मात्र तिथल्या शाळेत किंवा ओळखीच्या कार्यकर्त्याला आधी फोन करून काय लागतं ते विचारावं. शोभेच्या वस्तू पाठवून आपली अडगळ त्यांच्या दारात टाकू नये, ही माझी कळकळीची विनंती.

पितळेचं, तांब्याचं भांडं असेल तर भांडी बाजारात मोडीत घालून हवं ते घेता येतं.

काचेचं सामान मी बहिणीला सरळ विचारून देते: ‘मला आलंय, तुला हवंय का गं?’