जोशुआ ट्री नॅशनल पार्क: खडक अव्वल, सोयी जेमतेम

लॉस एंजेलिसहून पूर्वेला साधारण 140 मैलांवर हे पार्क आहे. 1936 साली ते राष्ट्रीय स्मारक झालं आणि 1994 साली राष्ट्रीय उद्यान. नाव झाडाचं असलं, तरी इथे यायचं ते खडकांसाठी. खडक पाहायचे तर सकाळी नऊच्या आधी नाहीतर दुपारी तीननंतर. मधल्या वेळी ऊन डोक्यावर असतं, सावल्या नाहीशा होतात आणि सगळं सपाट, पांढुरकं दिसतं. म्हणून हायवेवरून वळून दोन-तीन तासांत उरकण्याचा बेत आम्ही कुणालाही सुचवणार नाही. एक रात्र आत मुक्काम ठेवून संध्याकाळ आणि दुसरी सकाळ अशा दोन्ही वेळा मिळाल्या, तर वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये याच्या तोडीची ठिकाणं फार थोडी आहेत.

हे खडक मुख्यतः मॉन्झोग्रॅनाइटचे, म्हणजे ग्रॅनाइटच्याच कुळातले. कोट्यवधी वर्षांपूर्वी शिलारस जमिनीखालीच थिजला. वरचा भार झिजून कमी होत गेला तसे त्या खडकाला आडवे तडे गेले. त्यांना छेद देणारे उभे तडेही होते, त्यामुळे सगळा खडक चौकोनी ठोकळ्यांत विभागला गेला. जमिनीत मुरणारं पाणी या तड्यांतून फिरत राहिलं आणि कडेच्या खनिजांची माती करत गेलं. ठोकळ्याच्या कोपऱ्याला हे पाणी तीन बाजूंनी भिडतं, म्हणून सगळ्यांत आधी कोपरे झिजले आणि ठोकळे गोल झाले. पुढे हवामान कोरडं होत गेलं, अचानक येणाऱ्या लोंढ्यांनी भोवतालची माती वाहून नेली आणि शिळा एकमेकींवर टेकून राहिल्या. जंबो रॉक्सच्या परिसरात तड्यांच्या सरळ रेषा अजून स्पष्ट दिसतात. खडकातून गेलेले फिकट पट्टे म्हणजे नंतर भेगांत घुसून थिजलेला शिलारस. तो जास्त टणक असल्यामुळे काही ठिकाणी बांधासारखा वर उरला आहे. एवढं लक्षात ठेवून फिरलात, तर प्रत्येक शिळेत कवटी किंवा हत्ती शोधत बसावं लागत नाही.

कोणत्या फाटकातून आत शिरता, यावर दिवसाचा अर्धा हिशेब ठरतो. जोशुआ ट्री गावाजवळचं पश्चिम फाटक सर्वांत गर्दीचं. वसंतातल्या शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवसांत तिथे गाड्यांची लांबच लांब रांग लागते. ट्वेंटीनाइन पाम्सचं उत्तर फाटक बहुतेक वेळा मोकळं मिळतं, आणि तिथून स्प्लिट रॉक, जंबो रॉक्स हे भाग जवळही पडतात. दक्षिणेचं कॉटनवुड फाटक इंटरस्टेट 10 वरून सोयीचं असलं, तरी पहिल्या भेटीला तिकडून येऊ नका. तो कोलोरॅडो वाळवंटाचा सखल भाग आहे. जोशुआची झाडं साधारण 900 मीटरच्या वर, मोहावे वाळवंटाच्या भागात वाढतात, आणि गाजलेले खडकही तिकडेच आहेत. दक्षिणेतून आल्यावर बराच वेळ गाडी चालवूनही दोन्हीपैकी काहीच दिसत नाही, आणि इतकं नाव ऐकलं ते याचंच का, असं वाटू लागतं. गाडीमागे 30 डॉलर प्रवेशशुल्क आहे आणि ते सात दिवस चालतं. पास आधीच ऑनलाइन काढून फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण फाटकाशी नेटवर्क मिळेलच असं नाही.

आता पार्कची सर्वांत कमकुवत बाजू. आत पेट्रोल नाही, खाणं नाही, हॉटेल नाही, आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात प्यायचं पाणीही नाही. नळ आहेत ते कडेकडेला: पश्चिम फाटक, ट्वेंटीनाइन पाम्सचं माहिती केंद्र, ब्लॅक रॉक, कॉटनवुड आणि इंडियन कोव्हची रेंजर चौकी. माणशी दिवसाला किमान 4 लिटर पाणी धरा, मोठी चाल करणार असाल तर 8. हे पाणी गाडीत ठेवून उपयोग नाही, पाठीवर हवं. अर्धं पाणी संपलं की चाल कितीही उरलेली असो, परत फिरायचं. टाकी भरल्याशिवाय फाटक ओलांडू नका.

मोबाइल बहुतेक ठिकाणी बंदच पडतो. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या अॅपमध्ये हे पार्क ऑफलाइन वापरासाठी साठवता येतं, ते बाहेर असतानाच करा. नकाशाचं अॅप जवळचा रस्ता म्हणून कच्च्या वाळूच्या वाटेवर नेतं आणि साधी कार तिथे रुतते. पार्क बुलेवार्ड आणि पिंटो बेसिन रोड हे दोन डांबरी रस्ते सोडू नका, पहिल्या भेटीला तेवढे भरपूर होतात. आणीबाणीचा फोन हिडन व्हॅली कॅम्पग्राउंडजवळच्या इंटरसेक्शन रॉकच्या पार्किंगमध्ये आहे. त्याची जागा जाता-येता बघून ठेवा.

वाटांपैकी एकच निवडायची तर हिडन व्हॅली. एका मैलाचा फेरा, चारी बाजूंनी शिळांच्या भिंती आणि मध्ये झाडोरा. लहान मुलांनाही जमते, पण पार्किंग लवकर भरतं, म्हणून सकाळी पहिली हीच करा. बार्कर डॅम तिथून जवळ, 1.1 मैल, पाणी मात्र चांगल्या पावसानंतरच दिसतं, एरवी कोरडा तळ. स्कल रॉक अगदी रस्त्याला लागून असल्यामुळे तिथे कायम गाड्यांचा गोंधळ असतो. फोटो काढा आणि स्प्लिट रॉकच्या सुमारे दोन मैलांच्या फेऱ्यावर जा. तिथले खडक तितकेच सुंदर आहेत आणि माणसं खूपच कमी.

रायन माउंटन ही खरी चढाई. जाऊन-येऊन 3 मैल, चढ सुमारे 320 मीटर, माथा 1,664 मीटरवर. वाटेत सावली जवळजवळ नाही. उजाडताच निघालात तर ऊन चढायच्या आत खाली येता. माथ्यावरून शिळांचे ढीग मैदानात कसे पसरले आहेत ते एका नजरेत कळतं. कीज व्ह्यूला गाडी थेट वर जाते. खाली कोचेला खोरं आणि सॅन अँड्रियास भूभ्रंश (भूकवचातली लांबलचक भेग) दिसतो, पण खोऱ्यात धुरकं असलं की दूरचं काहीच दिसत नाही.

चोया कॅक्टस गार्डन कॉटनवुडच्या उत्तरेला 20 मैलांवर आहे. सूर्य उगवताना किंवा मावळताना काटे उजळून निघतात, तेव्हाच जावं. पायांत बंद बूट हवेत. या काट्यांना मागे वळलेल्या बारीक कुसळ्या असतात, त्यामुळे काटा सहज आत जातो आणि ओढताना कातडी धरून ठेवतो. चिकटलेला तुकडा दुसऱ्या हाताने काढायला गेलात की तोही हात अडकतो. जाड दातांचा कंगवा तुकड्याखाली सरकवून तो झटक्याने उडवायचा आणि उरलेले काटे चिमट्याने काढायचे. कंगवा आणि चिमटा दोन्ही खिशात हवेत, गाडीत नकोत.

शिळांवर चढायचा मोह सगळ्यांना होतो आणि फजिती बहुतेकदा उतरताना होते. खडक खरखरीत असल्यामुळे चढताना पाय पक्का बसतो. उतरताना पुढची पायरी दिसत नाही, आणि उतारावर सुटलेली जाडसर रेती बुटाखाली घरंगळते. ज्या वाटेने उतरता येईल याची खात्री नाही, तिने चढू नका. मुलं पुढे असतील तर मोठ्याने खालच्या बाजूला राहावं. गिर्यारोहकांसाठी इथे हजारो मार्ग आहेत. दोर लावून चढायची सवय नसेल तर माहीतगार मार्गदर्शक घ्या.

मुक्कामाची जागा निवडताना एक चूक वारंवार होते. इंडियन कोव्ह आणि ब्लॅक रॉक ही कॅम्पग्राउंड पार्कचीच आहेत, पण तिथून गाडीने पार्कच्या मधल्या भागात जाता येत नाही. हायवे 62 वर बाहेर पडून फाटकातून पुन्हा शिरावं लागतं. पहाटे खडकांत असायचं तर जंबो रॉक्स घ्या. त्याच्या 124 जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या आरक्षणाच्या संकेतस्थळावर सहा महिने आधी खुल्या होतात आणि हंगामात झपाट्याने संपतात. हिडन व्हॅली, बेल आणि व्हाइट टँक इथे आरक्षण नसतं, जो आधी येईल त्याला जागा; शुक्रवारी दुपारनंतर तिथे आशा ठेवू नका. एका जागेवर जास्तीत जास्त 6 माणसं, 3 तंबू. वाळकं लाकूड गोळा करायला बंदी आहे, सरपण बाहेरून आणावं लागतं. जागा मिळाली नाही म्हणून रस्त्याकडेला गाडीत झोपणंही नियमबाह्य आहे.

ऑक्टोबर ते एप्रिल हा योग्य काळ. वसंतात आणि शरदात दिवसाचं तापमान 29 अंशांच्या आसपास असतं. हिवाळ्यात दिवस 15 अंशांचा असला तरी रात्री पाणी गोठतं, त्यामुळे पातळ स्लीपिंग बॅग पुरत नाही. उन्हाळ्यात पारा 38 च्या वर जातो, तेव्हा पायी फिरायचा बेत करूच नये. ताऱ्यांसाठी अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा आणि पूर्वेकडे, चोया गार्डन ते कॉटनवुड या पट्ट्यात जा. पश्चिमेच्या आकाशात शहरांचा उजेड चढतो. टॉर्चवर लाल कागद लावा, पांढऱ्या झोतानंतर डोळे अंधाराला पुन्हा सरावायला वीसेक मिनिटं जातात.

कुत्रा सोबत असेल तर मात्र दुसरं ठिकाण बघा. त्याला जवळजवळ कुठल्याच पायवाटेवर परवानगी नाही आणि उन्हातल्या बंद गाडीत त्याला ठेवणं जिवावर बेतू शकतं. ड्रोनलाही बंदी आहे, तो घरीच राहू द्या.