जळकं तेल नेणारी गाडी : पाचपैकी चार

फरसाणाचं दुकान म्हटलं की जळकं तेल रोजचंच. पूर्वी गाडेवाले न्यायचे. ते पुढं कुणाच्या कढईत जायचं, देव जाणे. आता जळक्या तेलाचं इंधन करणाऱ्या बायोडिझेलवाल्यांची गाडी येते. पोरगा डबा तिरका करून तळाचा शेवेचा चुरा बघतो, तेल गाळतो, आमच्यासमोर काट्यावर तोलतो आणि पावती देतो. पावती जपून ठेवा. रोज ५० लिटरच्या वर तेल तळणाला वापरणाऱ्यांना नोंद ठेवावीच लागते, आणि टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हापुन्हा तापवून त्यात साठणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेलेलं तेल २०१८ पासून वापरता येत नाही. भाव गाडेवाल्यांपेक्षा कमी, पण झोप लागते! एक तारा कापला तो दिवाळीचा: ऐन चकल्यांच्या घाण्यात गाडी आलीच नाही, डबे पार जिन्यापर्यंत. फोनही उचलेनात.